निळं कार्ड

हॉलमध्ये शिरताच ब्रॉनीला आईच्या हातात निळं कार्ड दिसलं.

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावच्या क्लबात हॅलोरन पंप कंपनीची वार्षिक सभा भरली होती. मत देणाऱ्या भागधारकांना दारात पिवळं कार्ड मिळायचं, पाहुण्यांना लाल. निळं मिळायचं ते आपलं मत आधीच टपालाने सभेच्या अध्यक्षांच्या हवाली करून मोकळ्या झालेल्यांना. आणि ते अध्यक्ष म्हणजे कीथ हॅलोरनच्या खिशातला माणूस, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

ब्रॉनीकडे लाल कार्ड होतं. कंपनी उभी करणाऱ्या कीथने ऑफिसातल्या ज्या तिघींच्या अंगाला हात लावला, त्यांतली ती एक. चौकशी झाली, आरोप खरे ठरले, कीथने माफीचं पत्रही छापलं. त्याला संचालक म्हणून ठेवायचं की घालवायचं, एवढंच आज ठरायचं होतं. आणि माणसं बघावीत तर लग्नाला आल्यासारखी नटूनथटून आलेली, सँडविच खात कीथची पाठ थोपटत होती.

"आई, मत कधी पाठवलंस?"

"मागेच." मॉरीनने कार्ड पर्सखाली सरकवलं. "फॉर्म आला की अध्यक्षांच्या नावाने पाठवून द्यायचा. तुझे बाबा दरवर्षी तसंच करायचे ना!"

"मी तुला सगळं सांगितलं, त्याच्या आधी की नंतर?"

मॉरीन छताच्या पंख्याकडे बघत राहिली. "दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

ब्रॉनीला रडू आलं नाही, संताप आला. तो तिने गिळला, कारण मतदानाला सातच मिनिटं उरली होती.

"ऊठ. दारातल्या बाईला सांग, टपालाचं मत रद्द करा, पिवळं कार्ड द्या. लगेच बदलून देतात. चार वर्षं त्या टेबलावर बसून मीच वाटलीत."

"आत्ता? सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखतच!"

मागच्या रांगेतून शेजारच्या बेव्ह मावशी पुढे वाकल्या. "अगं, कशाला छळतेस आईला? दुष्काळात आमची द्राक्षं जळायला आली, तेव्हा हाच कीथ रविवारी स्वतः येऊन पंप लावून गेला. चुकतो माणूस एखादे वेळी."

"तीन वेळा चुकला, मावशी."

मावशी मागे टेकल्या आणि सँडविचचा घास चावत बसल्या.

मॉरीन उठली. पर्स घेतली, खुर्चीवर ठेवली, पुन्हा घेतली. रांगेच्या टोकापर्यंत गेली. तेवढ्यात व्यासपीठावरून कीथने तिला हात केला. तिचाही हात आपसूक वर गेला. तो तिने खाली घेतला, नुसताच झग्याला पुसला, आणि परत येऊन बसली.

ब्रॉनी तिच्याकडे वळली. "तुझा माझ्यावर विश्वास नाही ना, आई?"

"आहे गं. शब्दन् शब्दावर आहे."

"मग?"

अध्यक्षांनी माइकवर टिचकी मारली. हॉल शांत झाला. मॉरीनने लेकीचा हात घट्ट धरला आणि खालच्या आवाजात भराभरा बोलू लागली.

"तुला मेलबर्नला जायचं होतं. तू नको नको म्हणत होतीस, मीच ओढत नेलं तुला त्याच्या ऑफिसात. म्हटलं, कीथ घरचा माणूस आहे, तिथे तुझ्या केसालाही धक्का लागायचा नाही. आज त्याच्याविरुद्ध हात वर केला, ब्रॉनी, तर मग सांग, मी तुला कुणाच्या हवाली करून घरी आले होते?"