कुंपणावरचा झेल

"माहेरच्यांसाठी टाळी वाजवायची नाही," म्हाताऱ्या इलारियोंनी सुनेला स्टेडियमच्या दारातच बजावलं होतं. म्हणून ती बिचारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिचं माहेर नदीपलीकडचं. मेक्सिकोच्या त्या मुलखात दोन्ही काठांवरच्या गावांच्या आपसात सोयरिकी होत, पण बेसबॉलच्या दिवशी कुणी कुणाचं तोंड पाहत नसे.

इलारियोंच्या हातात वडिलांनी घडवलेला लाकडी मात्राका होता. गरगर फिरवला की असा करकरायचा की कानठळ्या बसाव्यात. नदीपलीकडच्यांसाठी तो जन्मात कधी फिरला नव्हता.

शेवटचा डाव आला. गावच्या गड्यानं बॅट अशी फिरवली की चेंडू उंच उडून थेट कुंपणाकडे निघाला. पलीकडे पडला की मॅच आपली! इलारियो ताडकन उठले आणि मात्राका फिरवू लागले.

तेवढ्यात नदीपलीकडचा एक बुटका खेळाडू पाठमोरा धावत सुटला. कुंपणावर पाय रोवून तो वर झेपावला, हवेत आडवा झाला, आणि पलीकडे गेलेला चेंडू हात घालून परत घेऊन आला.

मॅच गेली. सगळं स्टेडियम मुकं झालं. इलारियोंचा मात्राका तेवढा करकरत राहिला. लोक वळून वळून पाहू लागले. सुनेनं त्यांची बाही ओढली.

"सासरेबुवा, थांबा! झेल घेतला त्यानं. हरलो आपण."

"दिसलं मला," कुंपणावरची नजर न काढता इलारियो म्हणाले. "म्हणून तर फिरवतोय. तू पण काढ ते हात बाहेर."