सरांच्या सहीचं पत्र

“तुमच्या सरांनी असं का लिहिलं असेल?” अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

तिच्यासमोर टेबलापलीकडे तिघं बसले होते. मध्ये अध्यक्षबाई, त्यांच्या डावीकडे जहाजबांधणीतले एक जाडजूड इंजिनिअर, आणि उजवीकडे एक गृहस्थ, ज्यांनी अर्ध्या तासात फक्त पाणी पिण्याचं काम केलं होतं. समुद्राच्या लाटांपासून वीज काढणाऱ्या यंत्रांवर तीन वर्षं संशोधन करायला मिळणार होतं. स्वतःची टाकी, स्वतःचे प्रयोग. जागा एकच होती. वयाची अट पस्तीसची, आणि पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पुरी होत होती. ही संधी गेली की दुसरी नव्हती.

सरांचं शिफारसपत्र निघेपर्यंत मुलाखत झकास चालली होती. इंजिनिअरांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, तिने एकेक करून परतवले. वादळात यंत्र कसं तगेल याची आकृती तिने काढून दाखवली, तेव्हा तर ते खुर्ची पुढे ओढून बसले. मग बाईंनी फाइलमधून तो कागद काढला.

“खरं तर उमेदवाराला हे वाचून दाखवायचं नसतं,” बाई म्हणाल्या. “पण मलाच चैन पडेना. ऐका. ‘पहिली प्रतिकृती टाकीत बुडाली. ती चूक उमेदवाराची होती व तिने ती मान्य केली. उमेदवार कष्टाळू असून योग्य देखरेखीखाली समाधानकारक काम करते.’ समाधानकारक! पाच वर्षं आहात ना तुम्ही त्यांच्याकडे?”

“हो.”

“कष्टाळू म्हणे,” इंजिनिअर पुटपुटले. “आम्हाला काय गोदीत पोती उचलायचीत?”

तिचे कान तापले. त्या पत्रातला शब्द न् शब्द तिचा स्वतःचा होता.

सरांची पद्धतच तशी. शिफारसपत्र मागायला गेलं की ते हसून म्हणत, “तूच लिहून आण गं, मी सही ठोकतो.” त्यात दुष्टपणा नव्हता, नुसता आळस होता. प्रयोगशाळेचे अहवाल, अनुदानाचे अर्ज, आभाराची पत्रं, सगळं ती लिहायची आणि खाली सरांची सही व्हायची. सरांची भाषा तिला इतकी साधली होती, की त्यांच्या बायकोलासुद्धा फरक कळला नसता.

स्वतःबद्दल लिहायला मात्र तिला चार दिवस लागले. ‘अत्यंत हुशार’ लिहिलं आणि खोडलं. ‘हुशार’ लिहिलं, तेही खोडलं. भाजी चिरता चिरता आई म्हणाली, “अगं, जरा हात सैल सोड की!”

“आई, मीच माझी टिमकी कशी वाजवू?”

बुडालेल्या प्रतिकृतीचं तर विचारूच नका. झाकणाला बारा बोल्ट हवेत असं ती कानीकपाळी ओरडत होती. सरांनी आठांवर भागवायला लावलं, आणि अकराव्या मिनिटाला तो पिवळा डबा बुडबुडे सोडत तळाला गेला. पण सरांच्या सहीच्या पत्रात सरांची चूक कशी घालणार? तिने ती आपल्या नावावर घेतली. चूक कबूल करणारं माणूस कुणालाही आवडेल, असंही तिला वाटलं. सरांनी न वाचता सही ठोकली.

आता खरं सांगून टाकावं? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगितलं तर पत्रच खोटं ठरत होतं, आणि पत्राशिवाय अर्ज बाद होत होता. वर सरांची अब्रू जाणार ती वेगळीच. तिला रडू येत होतं, आणि रडायचीही ती जागा नव्हती.

“सर मुळातच कमी बोलतात,” ती कशीबशी म्हणाली. “कुणाचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नाही.”

“तसं असतं तर मी हा विषय काढलाच नसता.” बाईंनी दुसरा कागद उचलला. “याच जागेसाठी तुमच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक अर्ज आलाय. पत्र तुमच्याच सरांचं. ‘पाय घसरून टाकीत पडल्यावरही याने नोंदींची वही डोक्यावर धरून कोरडी ठेवली. वीस वर्षांत मला असा विद्यार्थी मिळालेला नाही. उद्या तो माझ्या पुढे जाईल, आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवीन.’” त्यांनी कागद हलकेच खाली ठेवला. “वाईट वाटून घेऊ नका. पण विश्वास असला की गुरू असं लिहितो. तुमच्याबद्दल त्यांना असं का वाटलं नाही, तेवढंच मला कळत नाही.”

पाणी पिणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मान हलवली. निकाल लागल्यासारखाच होता.

टाकीत पडलेला कोण, ते तिला सांगायला नको होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला पाणकोंबडा म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. महिन्याभरापूर्वी तो कँटीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसला होता, रडकुंडीला आलेला. “ताई, दोन-चार ठिकाणी अर्ज करतोय. सर म्हणाले, पत्र तूच लिहून आण. मला नाही गं जमत स्वतःबद्दल लिहायला.”

“आण इकडे,” असं ती हसत म्हणाली होती, आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत तिने ते लिहून दिलं होतं.