स्वागताची यादी

"नियम एकच," कालिंदी म्हणाली. "आपल्या रंगावरून आपल्याला जे ऐकवलं गेलं, ते जसंच्या तसं सांगायचं. कुणी कुणाची समजूत घालायची नाही."

कॉलेजच्या कॉमनरूममध्ये सतरंजीवर तीसेक मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. विषय कालिंदी आणि सुचित्रानं ठरवला होता, मुलींना बोलतं करणार होत्या त्याच. प्रतिभा केळकरांना त्यांनी नुसतं अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसवलं होतं. प्रतिभाबाई तिथं इतिहास शिकवत. जन्मच इथला, कलकत्त्यातला, त्यामुळे बंगाली घरच्यासारखं. आणि पंचेचाळिशीतही अशा गोऱ्यापान, की नव्या मुली महिनाभर त्यांच्याकडे बघत राहायच्या. सगळ्या त्यांना बंगाली रीतीनं प्रतिभादी म्हणत, मराठी कालिंदीसुद्धा.

डमडमहून येणारी एक लहानखुरी मुलगी आधी उठली. "मामी मला गच्चीवर जाऊ देत नाही. म्हणते, आहे तेवढंच पुरे झालं, आणखी ऊन नको."

खसखस पिकली. मग एकेक जण उठू लागली. कुणाला रोज साय फासली जात होती, कुणाला पिवळी साडी नेसायची बंदी होती. पाहुणे आले की एकीच्या हातातला चहाचा ट्रे काढून धाकट्या बहिणीच्या हातात दिला जायचा.

"बाबांनी माझ्या लग्नाच्या जाहिरातीत 'उज्ज्वल श्यामवर्ण' घातलंय," बेहालाची सुचित्रा म्हणाली. "लोडशेडिंग झालं की मी आरशापुढे उभी राहते. कुठं उजेड पडतो का बघते."

मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. प्रतिभाबाईंनाही हसू आवरेना. इथं रडारड होईल अशी त्यांना धास्ती होती. ही तर जत्रा भरली होती.

कालिंदीची पाळी आली. "माझी आत्या म्हणते, आपल्या घराण्यात असला रंग नाही. ट्राममध्ये सगळे मला मद्राशी समजतात. मराठी आहे म्हटलं की म्हणतात, वाटत नाही. घरच्यांना मी घरची वाटत नाही, बाहेरच्यांना मराठी वाटत नाही. बाबांची इथं बदली झाल्यापासून दोन वर्षं मी सगळ्यांना पटवत बसले. यंदा सोडून दिलं."

या वेळी कुणी हसलं नाही. कालिंदी मात्र हसत होती.

"माझं एक राहिलं," सुचित्रा पुन्हा उठली. "हे कुणी ऐकवलं नाही, नुसती यादी फळ्यावर लागते. दरवर्षी स्थापनादिनाला पाहुण्यांना हार घालायला, गंध लावायला सहा मुली असतात. गेली तीन वर्षं मी वर्गात पहिली. उंच आहे, साडी नीट नेसते. आणि तिन्ही वर्षं माझं नाव चहापाण्याच्या यादीत. कालिंदीचंही, ती आल्यापासून."

ती प्रतिभाबाईंकडे बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं, आणि तेच त्यांच्या लक्षात आलं.

ती यादी त्यांच्याच अक्षरात असायची. त्यांनी गेल्या वर्षीच्या सहा जणी आठवल्या, मग त्याच्या आधीच्या. एकही सावळी आठवेना. चांगल्या दिसणाऱ्या मुली घ्यायच्या, एवढंच त्यांच्या मनात असे. कुणाला वगळायचं असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळच आली नव्हती.

गप्प बसून सुटता आलं असतं. त्या खुर्चीतून उठल्या.

"ती यादी मी करते."

"माहीत आहे, प्रतिभादी," कालिंदी म्हणाली. "म्हणून तर अध्यक्ष तुम्हाला केलं. दुसरं कुणी रागावलं असतं. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटलं."

"चुकलं माझं," प्रतिभाबाई म्हणाल्या. "यंदा गंध सुचित्रा लावील. आणि हार तुझ्या हातात."

"चालेल!" सुचित्रा पटकन म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

"मला हार नको," कालिंदी म्हणाली. "मला भाषण करायचंय. दरवेळी पाहुणेच बोलतात. आमच्यातल्या एकीला पाच मिनिटं द्या."

"दिली. आज बोललीस तेच बोल. छान बोललीस."

"ते आज झालं की! मला हुगळीतल्या गाळावर बोलायचंय. फराक्क्याच्या धरणातून पाणी सोडलं की सगळा गाळ वाहून जाईल म्हणतात. मला नाही वाटत."

"का नाही वाटत?" प्रतिभाबाईंनी विचारलं.

भूगोल घेतलेल्या कालिंदीला तेवढंच हवं होतं. तिनं कोपऱ्यातला कॅरम ओढून मध्ये घेतला, डबीतली पावडर सढळ हातानं त्यावर पसरली आणि बोटानं वळणावळणाची रेघ ओढली. मुली पुढे सरकल्या. प्रतिभाबाई सतरंजीवर येऊन बसल्या. पुढच्या मुलीच्या डोक्याआड काही दिसेना, तेव्हा गुडघ्यांवर उठून वाकल्या.

"ही नदी," कालिंदी म्हणाली. "आणि इथं बघा, प्रतिभादी. इथं अडकतंय."