यात्रेचा विमा

आईला रामेश्वरला न्यायचं ठरल्यावर धुळाप्पा तिला घेऊन सोलापुरात एका गोऱ्या कंपनीच्या विमा एजंटाकडे आला. केराबाईचा खोकला ऐकून एजंट हळूच म्हणाला, "दोन तऱ्हेचे विमे आहेत. वाटेत माणूस आजारानं गेलं तर एक, गाडीच्या अपघातानं गेलं तर दुसरा. आईंसाठी आजाराचाच घ्या. अपघात काय रोज होतात?"

"पैसं कशात जादा?"

"अपघातात. पण अहो—"

"मग त्योच द्या."

केराबाईला त्यातलं फारसं कळलं नाही, पण लेकाची माया पाहून तिचा ऊर भरून आला. घरी येऊन तिनं शेजारच्या तानाबाईला सांगितलंसुद्धा, "धुळ्यानं माझा इमा उतरवला, बाई! म्हातारीसाठी कोण करतंय एवढं?"

सोमवारचा उपास धरूनच ती मद्रासकडच्या गाडीत बसली. होटगी मागं पडलं, गाडीनं वेग धरला, दुपारच्या उन्हानं सारा डबा पेंगुळला. धुळाप्पा उठला आणि दार उघडून उभा राहिला.

"आये, आत लई उकडतंय. हितं दारात ये, वारं लागंल."

त्याचा आवाज कापत होता. केराबाईनं लेकाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि एजंटाचं सगळं बोलणं तिला तेव्हा उमगलं. तिनं पदर खोचला, महादेवाचं नाव घेतलं आणि दाराशी आली.

"तू मागं सर, लेकरा," ती म्हणाली. "तुझ्या हाताला पाप नगं."