काचेची बातमी

थोरल्या मुलाचं हे वागणं म्हातारीला मुळीच पसंत नव्हतं. सकाळी शिलाई मशीनचं झाकण काढायच्या आधी मोबाइल उभा करायचा आणि दिवसभर मागे सोडून आलेल्या आपल्या देशाचं चॅनेल लावून बसायचं. शिवण वाकडी गेली तरी नजर तिकडेच. इथल्या बातम्या म्हणजे निव्वळ थापा, हे त्याचं रोजचं पालुपद. म्हातारी काजं करता करता ऐकून घ्यायची. इथल्या बातम्यांचं तिलाही कौतुक नव्हतं. त्यांत आपलं माणूस दिसायचं ते बेड्या घातलेलंच.

आज मात्र मोबाइलवर त्यांचंच दुकान दिसलं. परवाच्या वादळात फुटलेली काच आणि तिच्यासमोर हातोडा उगारलेला शेजारचा, इथलाच सुतार. बातम्या देणारी बाई कडाडत होती, की परक्या मुलखात आपल्या माणसांच्या दुकानांवर हल्ले सुरू झालेत.

सुतार बिचारा फुटक्या काचेवर फळी ठोकायला स्वतःहून आला होता. शिडी थोरल्यानेच धरली होती. चित्रातून फळी आणि थोरला तेवढे कापले होते.

म्हातारीला हसू आलं. म्हणाली, तुझं तोंडच दाखवण्यासारखं नसेल. थोरला हसला नाही. त्याने ते पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं.

"ठोकत होता मात्र जरा जास्तच जोरात," तो म्हणाला. "आणि आपलं चॅनेल उगाच कशाला दाखवेल?"

त्याचं ते इथल्या आपल्या सगळ्या माणसांना पाठवूनही झालं होतं.

दिवस कलला तशी आपल्याकडची पाच-सहा पोरं सुताराच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या अंगातल्या सदऱ्यांची काजं म्हातारीच्याच हातची. एकाचा हात खिशातून बाहेर येत नव्हता. आत सुताराचा रंधा आपला चाललेला.

म्हातारीने थोरल्याला सांगितलं, जा, खरं काय ते सांगून ये. तो जागचा हलला नाही.

"माझं कोण ऐकणार, आई? त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

तिने सुई कापडात खोचली, बसायचं स्टूल उचललं आणि दारात थांबून मागे वळली.

"मी सुताराच्या उंबऱ्यात बसते. काही झालंच तर तुझ्या चॅनेलवर येईल. तेव्हा ही माझी आई, असं कुणाला सांगू नकोस."