पाठकोरा कागद

“रेणूची माय, पहिले त्यायचं पुरं कर. माझं आखरीले.”

हे जाऊन वर्ष झालं, तरी देवापुढे बसले की यांचा आवाज कानाशी येतोच.

हे राज्यपाल होते. यांचे खासगी कागद जतन करायचे म्हणून अभिलेखागारातली एक मुलगी काल आमगावला घरी आली. फाशीच्या कैद्यांचे जे दयेचे अर्ज यांनी नाकारले, त्यांच्या नकलांचा गठ्ठा तिनं उलटून पाहिला. प्रत्येक अर्जाच्या पाठीवर बारीक अक्षरात राम, राम, राम.

“अगं बाई! आजी, कोणी खराब केले हो हे?”

“मीच. नकाराची सही करून आले की यांना झोप नसे. ‘तो उशाशी बसून रायला वो,’ म्हणत. मग त्या माणसाच्या नावानं मी जप लिहायला बसायची. शेवटच्या अर्जाची पाठ आज पहाटेच भरली.”

तिनं गठ्ठा बांधला. जाताना उंबऱ्यात थांबली.

“आणि साहेबांचं नेमणूकपत्र? शिक्क्याचं? मुख्य तर तेच आहे.”

“ते इतक्यात नाही मिळायचं, पोरी.”

“सापडत नाही का?”

“आहे ना. पण त्याची पाठ अजून कोरी आहे.”

ती गेल्यावर मी हातपाय धुतले, निरांजन लावलं. “त्यायचं पुरं झालं जी,” हळूच सांगितलं. मग ते पत्र पाटावर पालथं ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.