मेलेला बास

तिसऱ्या बोटावरचा फोड फुटला तेव्हा मिलोताने ओठ आवळून शिवी गिळली. ओरडायचीही चोरी! कोठाराच्या भिंतीपलीकडे बाबांची दुपारची झोप चालू होती, आणि बाबांच्या लेखी तिच्यासमोरचा बास मेलेला होता.

ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी साऱ्या गावाने तो रीतसर पुरला होता. माणसाच्या उंचीचं ते तंतुवाद्य तिरडीवर आडवं घातलं, वर पांढरी चादर, बायकांचं खोटं रडणं, आणि पाद्र्याच्या सोंगात दरवर्षीप्रमाणे बाबा. मग चादरीसकट तो कोठारात ठेवला. आता ईस्टरपर्यंत गावात तार छेडायची नाही.

रीत चांगली, पण बोटांना ती कोण सांगणार? अर्धांगाने बाबांचा डावा हात गेला आणि बास मिलोताकडे आला. हिवाळाभर फोड आले, फुटले, पुन्हा आले. एका लग्नात तर तिने नाच अर्ध्यावर सोडून बोटं बर्फात खुपसली. कुठे जरा घट्टे पडू लागले, तर ही चाळीस दिवसांची सुट्टी! बँडचा म्होरक्या इमरिख स्पष्टच म्हणाला होता, "ईस्टरच्या सोमवारी शेवटपर्यंत टिकलीस तर बास तुझा. नाहीतर शेजारच्या गावचा गिटारवाला तयारच आहे."

तिने बाबांना विनवून पाहिलं. "बाबा, बोटं पुन्हा लोण्यासारखी होतील हो!"

"होऊ देत. मेलेला बास वाजत नाही. माझ्या, या व्हेंडेलीनच्या घरात तरी नाही."

काय वैताग हा! स्वतः जन्मभर वाजवलं, आणि ईस्टरला त्यांची बोटं नेहमी दगडासारखी. देवाची कृपा, म्हणे. मिलोतावर कृपा करायला देवाला सवड नसावी. म्हणून ती रोज दुपारी चोरून कोठारात येई. बासच्या खोळीच्या तळाशी तिला राखाडी लोकरीचा एक मोजा सापडला होता, टाचेला लाल दोऱ्याने रफू केलेला. तारा पुसायचं फडकं असावं. तो तारा पेलणाऱ्या लाकडी घोडीजवळ तारांखाली कोंबला की आवाज बराच दबे. फक्त जाड तार हट्टी, म्हशीसारखी हंबरायची. ती हंबरली की मिलोता श्वास रोखून पलीकडचं घोरणं ऐकत राही. बोटांवरच्या पट्ट्यांबद्दल कुणी विचारलं, तर बीट किसताना लागलं. एवढं बीट त्या घरात कधी शिजलं नव्हतं.

ईस्टरच्या सोमवारी सकाळी बाबांनी बासवरची चादर ओढली. अंगणात इमरिख वाट बघत होता.

"हात दाखव," बाबा म्हणाले.

तिने मुठी वळल्या. आता बिंग फुटणार. रितीला बट्टा लावला म्हणून बाबा बासला हातही लावू देणार नाहीत. त्यांनी उजव्या हाताने तिची डावी मूठ उघडली आणि एकेका बोटाच्या टोकावर अंगठा घासला. सगळी टोकं टणक होती.

"बाबा, मी..."

बाबांनी दाराकडे पाहिलं. इमरिखची पाठ होती. मग त्यांनी कोटाच्या खिशातून राखाडी लोकरीचा एक मोजा काढून तिच्या हातात कोंबला. त्याच्याही टाचेला लाल रफू होतं.

"एकाने जाड तार दबत नाही, बये," ते पुटपुटले. "रोज दुपारी घोरून घोरून माझा घसा बसला."